टाकीत गरम पाणी, पॅनलमध्ये बर्फ

सकाळचं झाडलोट, भांडी आटोपून रेडिओजवळ बसला असाल तर छानच, नाहीतर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज आपण गटाच्या वहीखात्याबद्दल बोलणार नाही. आज अंघोळीच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. तसा हा विषय फिरून शेवटी वहीखात्यापर्यंत येतोच, कसा ते ऐकताना कळेल.

आम्ही निफाड तालुक्यातल्या काही गावांमधल्या बचत गटांचं काम बघतो. आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. बाकीच्या महाराष्ट्रात लोक स्वेटर शोधत असतात तेव्हा आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटलेल्या असतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली उतरला, ते रोज पेपरात येतं. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी तर तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. तिकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर, नंदुरबारमध्ये तोरणमाळला आणि अक्कलकुव्यातल्या डाब गावाकडे गवतावरचं दहिवर गोठून पांढरं होतं, हेही आपण दरवर्षी ऐकतो. आपण ते बघून ‘काश्मीरच झालंय’ म्हणतो आणि चहा ठेवतो. त्याच रात्री आपल्या गच्चीवरच्या सोलरमध्ये काय चाललंय, याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता.

गेल्या जानेवारीत तो करायला लागला.

आमच्या एका गटातल्या वहिनींनी गटाकडून तीस हजारांचं कर्ज काढून घरावर सोलर बसवला होता. कारण साधं होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतिणीला रोज सकाळी भरपूर गरम पाणी लागणार. बंबाला सरपण आणायचं तर वहिनींच्या गुडघ्यांनी कधीच नकार दिलेला, आणि सिलिंडर पाण्यावर जाळायचा म्हणजे जिवावर येतं. सोलरचं सुख त्यांनी दोन महिने मनापासून उपभोगलं. मग एका सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला गच्चीवरून भिंतीवर पाण्याची धार लागली. आधी वाटलं, वरची टाकी भरून वाहतेय. दीर वर जाऊन बघतात तर पॅनलच्या खालून पाणी गळत होतं. कोणता कॉक बंद करायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे सोलरच्या टाकीतलं गरम पाणी तर गेलंच, वरची प्लॅस्टिकची टाकीही रिकामी झाली. वीज दुपारी येणार, म्हणजे मोटर दुपारी. घरात दीड महिन्याचं बाळ आणि पाण्याचा ठणठणाट.

मिस्त्री आला. त्यानं पॅनलची काच उचलली. आत तांब्याच्या बारीक उभ्या नळ्या असतात, त्यातली एक नळी बोटभर उभी चिरलेली होती आणि दुसरीचा सांधा उघडला होता. तो म्हणाला, “ताई, पाणी गोठून फुटलंय.” वहिनींचा विश्वास बसेना. त्यांचं म्हणणं होतं, “अहो, काल संध्याकाळी त्याच टाकीतलं पाणी हाताला सोसत नव्हतं. गरम पाण्याचा बर्फ कसा होईल?”

प्रश्न अगदी रास्त होता. आम्हालाही तोच पडला होता. म्हणून गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना गटाच्या बैठकीला बोलावलं. त्यांनी फळ्यावर काढून जे समजावलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

सोलरचे दोन भाग असतात. खाली तिरका ठेवलेला काळा पॅनल आणि त्याच्या वर टाकी. उन्हानं पॅनलमधलं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं होतं, म्हणून ते आपोआप वर टाकीत चढतं, आणि टाकीच्या तळाचं गार, जड पाणी खाली पॅनलमध्ये येतं. दिवसभर हा फेरा चालू राहतो. मोटर लागत नाही, वीज लागत नाही. सूर्य मावळला की फेरा थांबतो. गरम पाणी वर टाकीत राहतं. टाकीला जाड वेष्टण असतं, म्हणून ते सकाळपर्यंत गरम राहतं. पण पॅनलमध्ये जे पाणी उरतं ते टाकीच्या तळाचं, गार. टाकीतलं गरम पाणी हलकं असल्यामुळे खाली उतरत नाही, आणि खालचं गार पाणी जड असल्यामुळे वर चढत नाही. म्हणजे रात्रभर पॅनलमधलं पाणी एका जागी उभं राहतं. त्याच्या अंगावर वेष्टण नाही, वर नुसती काच. टाकी गोधडीत झोपलेली आणि पॅनल उघड्यावर, असं समजा.

पुढचा प्रश्न आमच्या अध्यक्ष मावशींनी विचारला. “पण पेपरात तर पारा चारवर होता. पाणी गोठतं शून्यावर. मग?”

याचं उत्तर तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ते सोलरला लावून बघितलेलं नाही. रात्री उघड्यावर झोपलं तर जास्त गारठतं आणि मांडवाखाली, झाडाखाली कमी, हे आपण लहानपणापासून बघतो. सकाळी पत्र्यावर, ताडपत्रीवर, मोटारसायकलच्या सीटवर दव साचलेलं असतं, पण झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीवर नसतं. कारण असं की उघड्या आकाशाखाली ठेवलेली वस्तू आपली ऊब वर आकाशाकडे सोडत राहते. आकाश निरभ्र असेल तर ती ऊब परत येत नाही. ढग असतील तर ढग थोडी परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्री गारठा कमी. वारा नसेल तर आसपासची जराशी उबदार हवाही त्या वस्तूला येऊन लागत नाही. असं होत होत ती वस्तू भोवतीच्या हवेपेक्षाही जास्त गार होते. सोलरचा पॅनल काळा, सपाट आणि आकाशाकडे तोंड करून बसवलेला. दिवसा ऊन घ्यायला तो जितका चांगला, तितकाच रात्री ऊब घालवायलाही. हवा चार-पाच अंशांवर असतानासुद्धा त्यातलं पाणी गोठू शकतं.

बाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली ती आम्हाला फार आवडली. बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा उत्तर हिंदुस्थानात अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या मैदानात खड्डे करून त्यात वाळलेला पेंढा अंथरत आणि त्यावर मातीची पसरट भांडी पाणी घालून ठेवत. पहाटे त्या भांड्यांत बर्फाचा थर मिळे, आणि तोही हवा शून्यापर्यंत उतरलेली नसताना. पेंढ्यामुळे खालून जमिनीची ऊब लागत नसे आणि वरून पाणी आकाशाला ऊब देत राही. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ मध्ये याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपण गच्चीवर नकळत बर्फाचा कारखाना उघडलाय, असं मावशी म्हणाल्या आणि बैठकीत पहिल्यांदा हशा पिकला.

आता पाणी गोठलं तर नळी का फुटते? बाकीच्या बहुतेक वस्तू गार झाल्या की आकसतात. पाण्याचा बर्फ होताना मात्र ते फुगतं. अकरा ग्लास पाण्याचा बर्फ केला तर तो साधारण बारा ग्लासांइतकी जागा घेतो. फ्रीजमध्ये काठोकाठ भरलेली बाटली विसरली तर ती फुगते किंवा तडकते ती याच कारणानं. तोंड उघडं असलेल्या पातेल्यात बर्फाला वर सरकायला जागा मिळते. बंद नळीत जागाच नाही. तांबं मऊ, नळीची भिंत पातळ, ती आधी फुगते आणि मग चिरते. आणि एक चमत्कारिक गोष्ट अशी की रात्री एक थेंबही गळत नाही. बर्फच त्या चिरेत बूच होऊन बसलेला असतो. सकाळी ऊन आलं, बर्फ वितळला की धार सुरू. म्हणून वहिनींकडे पहाटे सगळं ठीक होतं आणि आठनंतर गडबड झाली.

इथपर्यंत का ते झालं. आता काय करायचं, त्याकडे वळू.

पहिल्यांदा आपल्या गच्चीवर कोणता सोलर आहे ते ओळखा. एक असतो सपाट पॅनलचा, वर एकच मोठी काच आणि आत तांब्याच्या नळ्या. बिलावर ‘एफपीसी’ लिहिलेलं असतं. दुसरा काचेच्या लांब नळ्यांचा, बिलावर ‘ईटीसी’. काचेच्या नळ्या दुहेरी असतात आणि दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते, चहाच्या थर्मासासारखी. त्यामुळे त्यातली ऊब सहज जात नाही आणि आपल्याकडच्या थंडीत त्या नळ्या गोठण्याची भीती फार कमी. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही. त्या सोलरलाही ये-जा करणारे पाइप असतातच, आणि ते उघडे असतात. शिवाय काचेच्या नळ्यांचं वेगळं दुखणं असतं. रिकाम्या राहून उन्हात तापल्या आणि दुपारी त्यात एकदम गार पाणी सोडलं की तडकतात. पाणी भरायचं ते ऊन चढायच्या आधी.

तुमचा सपाट पॅनल असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या घरातच आहे. जुनी गोधडी. डिसेंबर-जानेवारीत ज्या रात्री पारा पाचाच्या खाली जाईल असं बातम्यांत सांगतात, आकाश स्वच्छ आहे, वारा पडलाय, त्या संध्याकाळी ऊन उतरलं की पॅनलवर गोधडी किंवा दुहेरी गोणपाट टाकायचा आणि त्यावर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद. ताडपत्री वरूनच हवी. गोधडी दवानं ओली झाली की तिचा काही उपयोग राहत नाही, उलट गारवा धरते. चारी कोपरे सुतळीनं बांधा, नाहीतर पहाटे गोधडी शेजारच्या अंगणात सापडेल. मांडव जे काम करतो तेच ही गोधडी करते, पॅनल आणि आकाश यांच्यामध्ये आड येते. आपल्याकडे अशा कडाक्याच्या रात्री हिवाळ्यात मोजक्याच येतात, त्यामुळे एवढं बहुतेक घरांना पुरतं. सकाळी मात्र आठवणीनं काढायची, नाहीतर पाणी तापणारच नाही.

दुसरा उपाय पॅनल रात्रीपुरता रिकामा करण्याचा. पाणीच नसेल तर गोठणार काय? हा उपाय सगळ्यात खात्रीचा, पण त्याला फिटिंग तशी लागते. पॅनलच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यावर पाणी सोडायचा कॉक पाहिजे आणि टाकीतलं गरम पाणी त्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून टाकी आणि पॅनल यांच्यामधल्या दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह पाहिजेत. संध्याकाळी ते दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, मग खालचा कॉक उघडायचा. आणि पॅनलच्या वरच्या टोकाला हवा आत जायला वाट द्यायची. ही हवेची गोष्ट बायका विसरतात, खरं तर मिस्त्रीही विसरतात. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थांबत थांबत येतं, दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे. वरून हवा गेली नाही तर निम्मं पाणी नळ्यांतच अडकून राहतं आणि आपल्याला वाटतं पॅनल रिकामा झाला. सोडलेलं पाणी बादलीत धरा, सकाळी भांड्यांना होईल. सकाळी ऊन लागायच्या आधी खालचा कॉक आणि हवेची वाट बंद करून दोन्ही व्हॉल्व्ह उघडायचे.

इथे एक धोका आहे, तो नीट ऐका. पॅनल पाण्यानं भरलेला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा अवस्थेत वर ऊन आलं तर आत वाफ कोंडते. प्रेशर कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं होतं ते. म्हणून काही मिस्त्री तिथे व्हॉल्व्ह बसवायलाच नको म्हणतात, आणि ते चुकीचं नाही. घरात रोज आठवणीनं करणारं माणूस असेल तरच ही फिटिंग करा. नसेल तर गोधडी बरी. आमचं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या भागात गोधडीच बरी. तोरणमाळसारख्या डोंगरावरच्या घरांनी मात्र रिकामं करण्याचा विचार करावा.

पाइपांची काळजी वेगळी. गच्चीवरून जाणारे उघडे पाइप, विशेषतः उत्तरेच्या भिंतीवरचे आणि ज्यांच्यावर सकाळी ऊन उशिरा येतं ते, गुंडाळून घ्यायचे. दुकानात काळ्या फोमची नळी मिळते, पण ती उन्हात काही वर्षांत भुगा होते, म्हणून तिच्यावरही काहीतरी आवरण लागतं. नाहीतर चिंध्या गुंडाळा, वर प्लॅस्टिक, वर सुतळी. व्हॉल्व्ह आणि कोपरे उघडे ठेवू नका, तिथूनच ऊब जाते. गुंडाळण्यानं ऊब तयार होत नाही, असलेली ऊब उशिरा जाते, एवढंच. स्वेटर घातलेलं माणूस थंडीत रात्रभर बाहेर उभं राहिलं तर तेही गारठेलच.

एका ताईंनी विचारलं होतं, “आमच्या बागेत थंडीच्या रात्री ठिबकनं विहिरीचं पाणी सोडतात, ते कोमट असतं म्हणून वेलीला धक्का बसत नाही. तसं नळ बारीक सोडून ठेवला तर सोलर वाचेल का?” फार छान प्रश्न आहे. वाहतं पाणी उभ्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही हे खरं. पण गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी टाकीतून येतं, आणि टाकीत नवं पाणी वरच्या टाकीतून भरतं. पॅनल त्या वाटेवर नाहीच. नळाचा पाइप वाचेल, पॅनलमधलं पाणी तसंच उभं राहील. वर रात्रभराचं गरम पाणी मोरीत गेलं ते वेगळं.

दुसऱ्या एकीच्या घरी कुणी सांगितलं होतं की पाण्यात मीठ टाका, मिठाचं पाणी गोठत नाही. मिठाचं पाणी उशिरा गोठतं हे खरं आहे. पण एवढ्या मिठानं तांबं आणि टाकी खाऊन टाकली जाईल आणि अंघोळ खाऱ्या पाण्यानं करावी लागेल. आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये घालतात तो कूलंट सोलरमध्ये ओतायचा विचार तर मनातसुद्धा आणू नका. तो बहुतेक वेळा विषारी असतो, चवीला गोडसर लागतो, म्हणून लहान मुलांना आणि जनावरांना त्याचा धोका जास्त. आपल्यापैकी कितीतरी जणी गॅस वाचवायला सोलरचंच पाणी भाताला आणि डाळीला घेतात. लेह-लडाखसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली राहतो, तिथे पॅनलमध्ये न गोठणारं द्रावण भरतात. पण ते सोलर वेगळ्या बांधणीचे असतात. त्यात पॅनलमधलं द्रावण आणि अंघोळीचं पाणी एकमेकांना मिळतच नाही, द्रावण नुसती ऊब पोचवतं. आपल्या साध्या सोलरमध्ये पॅनलमधलंच पाणी नळाला येतं.

समजा इतकं करूनही एखाद्या सकाळी पॅनल गोठलेला दिसला, काचेखाली किंवा सांध्यावर बर्फ दिसला, तर पहिलं काम गार पाणी येणारा कॉक बंद करायचा. मग थांबायचं. उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकेल. चिंधी पेटवून शेकायचं तर अजिबात नाही. ऊन येऊ दे, बर्फ आपोआप वितळेल. तोपर्यंत खाली बादली ठेवून सांधे बघत राहायचं. कुठे थेंब आला नाही तर कॉक हळूहळू उघडा. थेंब आला तर तो बंदच ठेवून मिस्त्रीला बोलवा. वहिनींच्या घरी हा एक कॉक माहीत असता तर नळी फुटली असती तरी पाणी वाचलं असतं. म्हणून आज घरी जाऊन एवढं कराच. तो कॉक कोणता हे मिस्त्रीकडून नाहीतर घरातल्या माणसाकडून समजून घ्या, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा आणि घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या सासूबाईंनासुद्धा, दाखवून ठेवा.

टाकीवर एक उभी नळी उघडी दिसते, तिला कुणी बूच मारू नका. तिच्यातून हवा आणि वाफ ये-जा करते. गांधीलमाशा घर करतात म्हणून आमच्या एका गावात तिला कापड कोंबलं होतं. बारीक जाळी बांधली तर चालते.

ज्यांच्याकडे विजेचा गीझर आहे त्यांना आपल्याकडे गोठण्याची काळजी नाही, तो घरात असतो. फक्त नळ सोडूनही पाणी येत नसेल तर गीझरचं बटण दाबू नका. आत पाणी नसताना कांडी जळते. आणि गॅसचा गीझर असेल तर विषय थोडा सोडून एक गोष्ट सांगतोच. थंडी म्हणून बाथरूमचं दार-खिडकी गच्च लावून आत गॅसचा गीझर चालवला की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतं, आणि दर हिवाळ्यात कुठे ना कुठे असे जीव जातात. गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला पाहिजे. याच्यात तडजोड नको.

आणि आपला तांब्याचा बंब? तो तोंडाने उघडा, म्हणून गारठ्यानं सहसा फुटत नाही, बर्फ धरलाच तर वरवर पापुद्रा. त्याला मारतो तो आपला विसराळूपणा. पहाटे अंधारात पाणी न बघताच जाळ घातला की सांध्यांची झाळ वितळते आणि तांबटाकडे जावं लागतं. आधी झाकण काढून बघा, मग काडी ओढा.

आता वहीखात्याकडे येतो. वहिनींचा पॅनल दुरुस्त झाला, पण त्यात एका महिन्याच्या हप्त्याचे पैसे गेले. आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी हमीपत्र उलटं करून दाखवलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पाणी गोठून झालेलं नुकसान हमीत धरलं जाणार नाही. विकताना हे कुणी बोललं नव्हतं, आणि आम्हीही वाचलं नव्हतं. गटाच्या बैठकीत एक-दोघी म्हणाल्या, “हप्ता चुकला म्हणजे दंड. नियम सगळ्यांना सारखा.” वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. तेव्हा आम्हाला बोलावं लागलं. कर्जाच्या अर्जावर शिफारशीची सही आमची होती. शेळीसाठी कर्ज मागितलं तर आम्ही शेळी बघायला जातो, तिचे दात बघतो. सोलरला नुसतं कोटेशन बघून सही केली. मग दंड एकट्या वहिनींनी का भरायचा? बरीच चर्चा झाली, आवाज चढले, चहा गार झाला. शेवटी दंड माफ आणि हप्ता दोन महिने पुढे, असा ठराव झाला आणि तो वहीत लिहिला.

त्याच बैठकीत दुसराही ठराव केला. आता सोलरसाठी कर्ज मागितलं की गटातल्या दोघी जणी दुकानात बरोबर जातात. हमीपत्राची मागची बाजू मोठ्यानं वाचून घेतात. ‘आमच्या गावात पारा तीनवर जातो, या पॅनलचं काय होईल?’ हा प्रश्न विचारून उत्तर बिलावर लिहून मागतात. दोन दुकानदारांनी लिहून द्यायला नकार दिला, तिथून आम्ही घेतलं नाही. एकानं लिहून तर दिलंच, वर स्वतःहून सांगितलं की तुमच्याकडे काचेच्या नळ्यांचा घ्या. बसवून झाल्यावर दोघींपैकी एक जण गच्चीवर चढून पाणी सोडायचा कॉक, हवेची नळी आणि पाइपांचं वेष्टण बघते, मगच दुकानदाराला शेवटची रक्कम मिळते. पहिल्यांदा शिडी चढायला मावशी घाबरत होत्या, आता त्याच सगळ्यात आधी चढतात.

तुमच्या गटात कुणाकडे सोलर असेल आणि काही अडलं असेल, तर गटाच्या वहीत प्रश्न लिहून ठेवा. महिन्याच्या बैठकीला आम्ही येऊ तेव्हा गच्चीवर जाऊन बघू.

वहिनींचा पॅनल या हिवाळ्यात अजून धड आहे. त्यांनी लग्नातली जुनी गोधडी त्याच्यासाठी काढून दिली. संध्याकाळी ती घालायचं काम दिरांचं, सकाळी काढायचं सासऱ्यांचं. मागच्या शनिवारी सासरे विसरले, दुपारपर्यंत गोधडी तशीच पॅनलवर, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कोमट पाण्यानं अंघोळ केली. बाळासाठी तेवढा बंब पेटवला.